कमळजा लाँच मोडताना

छप्पर आधी उतरवलं.
लांबून सपाट वाटायचं. दोरी धरली
तर मधोमध चार बोटं फुगीर,
पाणी साचू नये म्हणून.
धोंडू मेस्त्री म्हणायचा, सपाट पाठ फक्त मेलेल्याची.
मी तेव्हा त्याच्या हाताखाली कापूस वळायचो,
डांबरात बुडवून फटीत ठोकायचो,
आणि तो फळीला कान लावून बसायचा.
भरलेली फट ठक्क बोलते.
न भरलेली काहीच बोलत नाही,
ती नंतर बोलते, खाडीच्या मध्यावर.

मग फळ्या.
तांब्याचे खिळे, आतून मुरडलेले,
पंचेचाळीस वर्षांनी हिरवे झालेत, सैल नाही झाले.
चिमट्याने ओढताना माझाच खांदा निखळायची वेळ.

वांक त्याने कधी वाकवले नाहीत.
आधीच वाकलेलं झाड शोधत फिरायचा.
सैतवड्यात एका बांधावर उंडी होती, पाण्याकडे कललेली.
तिच्या फांदीकडे बघून म्हणाला,
हा नाळेकडून तिसरा वांक, उजव्या अंगाचा.
झाडाच्या मालकाला ते पटेना.
चार वर्षं गेली.
तोवर उजव्या अंगाला ती एक जागा मोकळी ठेवून
उरलेली बोट शेडमध्ये उभी होती,
दात पडलेल्या पोरासारखी.

बाहेरून एक पट्टी होती, दोन बोटं रुंद,
नाळेपासून मागपर्यंत.
नव्या पोरांना वाटतं शोभेची.
तीच लाट खाली दाबायची,
तिच्यामुळे तवसाळला उतरणाऱ्या बायांच्या
पिठाच्या पिशव्या कोरड्या राहायच्या.
मागचं अंग वर येताना आत घेतलेलं,
धक्क्याला लागताना काठ घासू नये म्हणून.
हे कुणी कागदावर काढलं नव्हतं.

सुकाणू पुढे, वर, काचेच्या केबिनीत.
इंजिन खाली, लाकडी खोक्यात, मध्ये आडवी भिंत.
वर दाऊद होडेकर, खाली शिवराम डोर्लेकर,
एकाला दुसरा दिसत नसे.
भिंतीतून एक दोरी गेलेली, टोकाला पितळी घंटा.
एक टोला, पुढे.
दोन, थांब.
तीन, मागे घे.
चार म्हणजे चहा पाठव.
हा टोला कुठल्याच नियमात नव्हता.
जाळ्याच्या पैशावरून दोघांत सहा वर्षं अबोला.
धक्क्यावर समोरून आले तर एक जण मासळीच्या टोपल्या मोजायला लागे.
त्या सहा वर्षांत कमळजा एकदाही जेट्टीला आपटली नाही.
आणि रोज सकाळी जयगड सुटल्यावर चार टोले,
आणि खालून कपबशी वर.

केबिन एका हॉटेलवाल्याने घेतली,
सरबताचं काउंटर करायचंय म्हणे.
टेम्पोतून नेली, फरशीवर ठेवली.
त्याच्या इंजिनियरने पातळीची नळी लावली,
बुडबुडा पळत जाऊन एका टोकाला बसला.
म्हणाला, मेस्त्री, ही वाकडी बांधलीय.
मी म्हटलं, हो.
एका बाजूला पाचर मारली, दुसरी उचलली.
दुसरीकडे मारली, दार लागेना.
लिंबं ठेवली तर सगळी दाऊदच्या जागेकडे घरंगळत गेली.
शेवटी त्याने फरशीच फोडायला घेतली.
पैसे मोजून मी निघालो.

पठाण अजून वाळूत आहे, जळणालाही कुणी नेत नाही,
ऐनाचं, कुऱ्हाड उलटी येते.
वांकांच्या बुडाशी एकेक बोटभर भोक,
आत शिरलेलं पाणी मागे वाहत यावं म्हणून,
आणि सगळ्या भोकांतून ओवलेली एक साखळी.
गाळ तुंबला की शिवराम ती दोन्ही हातांनी मागेपुढे ओढायचा,
तेव्हा बोटीच्या पोटात दूरवर काहीतरी खुळखुळायचं.
तेवढी मी मागून घेतली.
हॉटेलवाला म्हणाला, गंजलेली आहे, कशाला?
मोरीच्या नळीत घातलीय.
चांगली चालते.